घालतात, पाळतात, लादतात

'प्लीज, माझ्या बाउंड्रीज रिस्पेक्ट कर' हे वाक्य आणि 'मुलीने आपली मर्यादा ओळखून राहावं' हे वाक्य एकाच घरात, एकाच संध्याकाळी ऐकू येऊ शकतं. पहिलं नात फोनवर मित्राला म्हणते. दुसरं आजी टीव्हीवरची मालिका बघत म्हणते. इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला तर बाउंड्री म्हणजे सीमा, हद्द, मर्यादा. म्हणजे कोशाच्या हिशेबाने दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत. पण ऐकणाऱ्या कुणालाही कळतं की तसं नाहीये. एक जण रेघ स्वतःभोवती ओढतेय, दुसरी दुसऱ्याभोवती.

इंग्रजीत या गावात बरीच घरं आहेत. लिमिट, बाउंड्री, बॉर्डर, रिस्ट्रिक्शन, कन्स्ट्रेंट, कर्ब, बॅन, कर्फ्यू. आपल्याकडेही कमी नाहीत: मर्यादा, सीमा, शीव, वेस, हद्द, निर्बंध, बंधन, बंदी, मनाई, अट, आळा, लगाम, पथ्य. आपण बोलताना यातला कुठलाही शब्द कुठेही वापरतो आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण काही वेळा बिघडतं. एखाद्यावर घातलेली बंदी जेव्हा 'फक्त थोडे निर्बंध' म्हणून समोर येते, किंवा दुसऱ्यावर ठेवलेला ताबा जेव्हा 'माझी बाउंड्री' म्हणून येतो, तेव्हा शब्द बदलल्याने माणसाच्या हातातून भांडायची जागाच निघून जाते. मर्यादेशी कसं भांडणार? ती तर असतेच.

आधी थोडं मुळांकडे जाऊ. लिमिट या शब्दामागे लॅटिन लिमेस आहे. दोन शेतांमधली पायवाट असा त्याचा एक जुना अर्थ. पुढे तोच शब्द रोमन साम्राज्याच्या सरहद्दीला लागला. म्हणजे आपला बांधच. कर्ब हा मूळचा घोड्याच्या तोंडाजवळचा साज, आपला लगाम. बॅन म्हणजे आधी नुसती जाहीर घोषणा, दवंडी. त्यातला 'मनाई' हा अर्थ नंतर घट्ट झाला. रिस्ट्रिक्ट म्हणजे मागे ओढून आवळणं. आणि कर्फ्यू म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये 'विस्तव झाका': रात्री घंटा वाजली की चूल झाकायची, नाहीतर लाकडी घरांचं गाव पेटेल.

या पाच शब्दांतली चित्रं बघा. पायवाटेवरून दोन्ही बाजूंची माणसं चालतात. लगाम एकाच्या तोंडात असतो आणि दुसऱ्याच्या हातात. दवंडी एक जण पिटतो, बाकीचे ऐकतात. आवळणारा आणि आवळला जाणारा वेगळे असतात. चूल मात्र ज्याची त्यानेच झाकायची, पण घंटा सगळ्यांसाठी आणि कारण सगळ्यांना माहीत. 'रोखणं' ही एकच क्रिया, पण माणसांची मांडणी प्रत्येक वेळी वेगळी.

मराठीत ही मांडणी क्रियापदात दिसते. नामं वापरून वापरून गुळगुळीत होतात, क्रियापदं त्या मानाने खरं बोलतात. बंदी घालतात. निर्बंध लादतात. लगाम लावतात. अट एक जण घालतो, दुसरा मान्य करतो. पथ्य पाळतात. संयम ठेवतात. बांध घालतात, आणि भाऊबंदकी असेल तर दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने कोरतात. 'संयम लादला' असं कुणी म्हणत नाही आणि 'बंदी बाळगली' असंही नाही. त्यामुळे कुणी मोघम शब्द वापरला, की मी क्रियापद शोधते आणि त्याचा कर्ता कोण ते बघते. घालणारा आणि पाळणारा एकच आहे का? नसेल तर पाळणाऱ्याला विचारलं होतं का?

आपल्या भाषेतला सगळ्यात निसरडा शब्द मर्यादा. त्याचे निदान तीन अर्थ आहेत. वेगमर्यादा, वजनमर्यादा यातला अर्थ आकड्याचा. 'माझ्या मर्यादा मला माहीत आहेत' यातला अर्थ कमतरतेचा. आणि 'मर्यादेने वागावं' यातला अर्थ शिष्टाचाराचा. इंग्रजी यासाठी तीन वेगळे शब्द वापरते. आपण एकच वापरतो, आणि घोटाळा असा होतो की तिसऱ्या अर्थाला पहिल्याचं वजन मिळतं. पुलाने दहा टनच पेलायचे हे काँक्रीट आणि लोखंड ठरवतं. मुलीने किती मोठ्याने हसायचं हे लोखंड ठरवत नाही. पण दोन्हीला 'मर्यादा' म्हटलं की दुसरीही निसर्गाने घालून दिल्यासारखी वाटायला लागते.

मी सॉफ्टवेअर लिहिते, आणि तिथे हा फरक रोज लागतो. मेमरी इतकीच आहे, नेटवर्क इतकंच वेगवान आहे: हे कन्स्ट्रेंट, म्हणजे प्रश्नासोबतच आलेली अट. त्यावर रागावून उपयोग नाही. अमुक युजरने अमुक पान बघायचं नाही, हे मात्र रिस्ट्रिक्शन. कुणीतरी मीटिंगमध्ये तसं ठरवलेलं असतं, आणि दुसऱ्या मीटिंगमध्ये ते बदलता येतं. आयुष्यातली खूपशी भांडणं दुसऱ्या प्रकाराला पहिल्याचा मुखवटा घातल्यामुळे होतात.

त्यासाठी मराठीत एक पळवाटही आहे. क्रियापदं खरं बोलतात असं मी म्हटलं, पण काही क्रियापदांना बोलणाराच नसतो. 'आपल्यात चालत नाही.' 'बरं दिसत नाही.' 'शोभत नाही.' कुणाला चालत नाही? कुणाला बरं दिसत नाही? वाक्यात माणूसच नाही. रस्त्यावरच्या पाट्याही अशाच: 'गाडी लावण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.' कुणाचा हुकूम, ते पाटीवर नसतं. आपण लहानपणापासून त्या वाचत आलोय, म्हणून त्यातली गंमत जाणवत नाही. ज्या मनाईला कर्ता नाही, ती बदलायला सांगायला जायचं तरी कुणाकडे?

घरचं सोडून जरा सरकारकडे बघू, कारण तिथे शब्दांचा हा खेळ लेखी असतो.

१९४८ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने विड्या वळण्याच्या धंद्यासंबंधी कायदा केला. तेव्हा विदर्भ याच प्रांतात होता. कायद्याच्या नावात शब्द होता 'रेग्युलेशन', म्हणजे नियमन. उद्देश असा की शेतीच्या हंगामात मजूर विड्या वळत बसू नयेत, शेतावर जावेत. पण जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने प्रत्यक्षात काढलेला हुकूम असा होता की हंगामात ठरावीक गावांतल्या कुणीही विड्या वळायच्याच नाहीत. सागर जिल्ह्यातला हा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि नोव्हेंबर १९५० मध्ये, राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा निकाल आला. 'चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' हे ते प्रकरण. कोर्टाचा मुद्दा साधा होता. शेतावर राबू शकत नाहीत अशा म्हाताऱ्या बायका, अपंग माणसं, किंवा शेतीशी संबंधच नसलेले लोक, यांचाही हात या हुकमाने बांधला जातो. शेतीला मजूर मिळावेत या हेतूशी त्याचा काय संबंध? हेतूपेक्षा जास्त आवळणारा निर्बंध वाजवी नाही. कायदा पडला.

या निकालात मला आवडतं ते हे, की कोर्टाने पाटीवरचा शब्द वाचला नाही, दोर कुणाकुणाच्या हाताला बांधलाय ते पाहिलं. पुढच्या दहा वर्षांत सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका प्रकरणात असंही म्हटलं की काही परिस्थितीत संपूर्ण बंदी हासुद्धा निर्बंधाचाच टोकाचा प्रकार असू शकतो, पण मग तिची छाननी जास्त कडक हवी. म्हणजे बंदी कधीच नको असं नाही. बंदीला बंदी म्हणा आणि तेवढं मोठं कारण द्या.

आपल्या काळातलं उदाहरण डान्स बारचं. महाराष्ट्राने २००५ मध्ये बंदी घातली, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सोडून. हायकोर्टाने २००६ मध्ये ती रद्द केली, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. राज्याने २०१४ मध्ये पुन्हा कायदा केला, २०१५ मध्ये त्याला स्थगिती मिळाली. मग २०१६ चा कायदा आला. त्यात परवाना मिळण्याची सोय होती, फक्त अटी अशा की शाळा किंवा प्रार्थनास्थळापासून एक किलोमीटर दूर हवं. मुंबईच्या दाट वस्तीत अशी जागा कुठे सापडणार? जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही आणि अशा काही अटी रद्द केल्या. नियमन करा, पण नियमनाच्या नावाखाली संपूर्ण बंदी आणू नका, हा त्याचा मथितार्थ. डान्स बार असावेत की नाहीत यावर तुमचं मत काहीही असू द्या. पूर्णच करता येणार नाही अशी अट ही अट नसते, हे मान्य करायला त्या मताची गरज नाही. 'लग्नाला परवानगी आहे, फक्त मुलगा आपल्याच जातीतला, आपल्याच पोटशाखेचा, याच शहरातला आणि गुण जुळणारा हवा' असं म्हणणारे काकाही हेच करत असतात.

राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात आपली स्वातंत्र्यं आहेत आणि त्यांच्यावर 'वाजवी निर्बंध' घालता येतील अशी सोयही आहे. त्यातलं 'वाजवी' हे विशेषण किती कामाचं आहे ते यावरून कळेल: भाषणस्वातंत्र्याच्या पोटकलमात ते सुरुवातीला नव्हतंच. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तिथे निर्बंधांची नवी कारणं आली, आणि त्याच वेळी 'वाजवी' हा शब्दही आला. एका हाताने दोर लांबवला, दुसऱ्या हाताने कोर्टाला तो मोजायची पट्टी दिली. वाजवी की नाही हे विचारायचा हक्क त्या एका शब्दामुळे मिळतो.

आम्हा ठाणे-भिवंडीकडच्या लोकांना 'मनाई आदेश' हा शब्द बातम्यांमुळे पाठ असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली पोलिसांना हत्यारं बाळगायला, जमाव जमवायला, मिरवणुका काढायला तात्पुरती मनाई करता येते. जमाव आणि मिरवणुकीची मनाई राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. हे पंधरा दिवस फार महत्त्वाचे. कायदा म्हणतोय की मनाई हे औषध आहे, जेवण नाही. म्हणूनच जानेवारी २०२० मध्ये, काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने जमावबंदीचे तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल असं सांगितलं. पथ्य आणि उपासमार यात पदार्थांचा फरक नसतो, मुदतीचा असतो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी आपण सगळेच आत बसलो. २४ मार्च २०२० च्या रात्रीच्या भाषणात पंतप्रधानांनी लॉकडाउनला घराच्या दारावरची लक्ष्मणरेषा म्हटलं. शब्द प्रभावी होता. पण या रेषेची रचना विचार करण्यासारखी आहे. वाल्मीकींच्या रामायणात ती नाही, पुढच्या परंपरेतून आली. रेषा काढणारा लक्ष्मण, धोका रावणापासून, आणि 'ओलांडू नको' हे मात्र सीतेला. संरक्षणासाठी काढलेल्या खूप रेषा अशाच असतात: धोका एकाचा, पाय दुसऱ्याचे बांधलेले. साथीच्या वेळी ते समजण्यासारखं होतं, कारण रावण प्रत्येकाच्या श्वासात असू शकत होता. पण वसतिगृहाचं दार मुलींसाठी लवकर बंद होतं आणि मुलांसाठी उशिरा, तेव्हा रावण कोण आणि कुलूप कुणाला, हा प्रश्न पडायलाच हवा. २०१५ मध्ये दिल्लीत 'पिंजरा तोड' या नावाने मुली उभ्या राहिल्या त्या याच प्रश्नावर. वसतिगृहाच्या त्या वेळेला सगळेजण सर्रास 'कर्फ्यू' म्हणतात. दंगलीतल्या शहरासाठीचा शब्द मुलींच्या रोजच्या संध्याकाळला, आणि कुणाला खटकतही नाही.

पण बंदी जेव्हा बंदी म्हणून समोर येते, तेव्हा निदान तिच्याशी बोलता येतं. त्याहून वाईट प्रकार इंटरनेटच्या भाषेत छान सापडतो. तुम्ही पान मागता तेव्हा सर्व्हर एक आकडा परत देतो. ४०१ म्हणजे 'आधी ओळख सांगा'. ४०३ म्हणजे 'तुम्हाला परवानगी नाही'. ४२९ म्हणजे 'फार वेळा मागितलंत, जरा थांबा'. ४५१ म्हणजे 'कायदेशीर कारणामुळे देता येत नाही'. हा आकडा २०१६ मध्ये प्रमाण झाला, आणि पुस्तकं जाळणाऱ्या समाजावरच्या रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१' या कादंबरीवरून घेतलाय. त्याच्या नियमात असंही आहे की अडवणूक कुणाच्या मागणीवरून, ते उत्तरात सांगावं. चार नकार, चार अर्थ, आणि प्रत्येकानंतर काय करायचं ते वेगळं: लॉगिन करा, परवानगी मागा, थांबा, किंवा कोर्टात जा.

आणि मग ४०४ असतो: 'असं काही नाहीच.' वेबच्या नियमांत एक मुभा आहे. एखादी गोष्ट आहे हेच लपवायचं असेल, तर सर्व्हरने ४०३ ऐवजी ४०४ द्यावा. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे. पण माणसं हे माणसांशी करतात तेव्हा काय होतं? भिवंडीचा मुलगा ठाण्यात किंवा मुंबईत भाड्याने घर शोधायला फोन करतो. फ्लॅट आहे, भाडं अमुक, डिपॉझिट अमुक, कधी बघायला येताय? मग तो नाव सांगतो. नाव मुसलमानाचं असलं की दोन मिनिटांत फ्लॅट 'कालच गेला'. तो होता तिथेच असतो, आठवडाभर जाहिरातीत दिसत राहतो. 'आम्ही तुम्हाला देणार नाही' असं कुणी म्हणालं असतं तर तो निदान भांडला असता, कुठे तक्रार केली असती, चार लोकांना सांगितलं असतं. 'फ्लॅटच नाही' याच्याशी तो काय भांडणार? नकार देणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात, आणि नकार मिळालेल्याकडे पुरावा म्हणून फक्त संशय उरतो. निर्बंधाच्या सगळ्या प्रकारांत हा मला सगळ्यात अनैतिक वाटतो. तो माणसाला अडवतो आणि अडवलं हे त्याला सिद्धही करू देत नाही.

इथपर्यंत वाचून असं वाटेल की मी सगळ्या रेषांच्या विरोधात आहे. तसं नाही. भिवंडीत वाढलेल्या कुणालाही रेषांचा हा एकच चेहरा दिसणार नाही, कारण हे शहर दुसऱ्यांच्या मर्यादांवर उभं राहिलंय.

१९५६ मध्ये केंद्र सरकारने कापड गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली. हातमागाला वाचवणं हा हेतू. झालं असं की गिरण्यांना जे विणता येईना ते यंत्रमागाकडे गेलं, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतल्या लूमांचा खडखडाट वाढत गेला. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो आणखी वाढला. गोदामांचंही तसंच. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात. म्हणून माल हद्दीबाहेर उतरवायचा, साठवायचा आणि लागेल तेवढाच आत पाठवायचा. भिवंडीभोवतीच्या काल्हेर, राहनाळ, दापोडे, माणकोली अशा ग्रामपंचायतींत त्यासाठी भाताच्या शेतांवर गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं राहिली, वाढलीच. तुम्ही रात्री मोबाइलवर मागवलेलं पार्सल बहुधा इथूनच निघतं. एका शहराची हद्द दुसऱ्या गावाचा धंदा झाली. रेष आखणाऱ्याला ती कुणाला अडवेल हे माहीत असतं, कुणाला वाढवेल हे बहुतेक वेळा नसतं.

आणि रेष नसणं म्हणजे मोकळीक, हेही भिवंडीत कुणी मानणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराच्या कामावर आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण कायदा लागू व्हायला कामगारांची संख्या ठरावीक आकड्याच्या वर हवी. मग एकाच छपराखाली कागदावर तीन-चार वेगळे कारखाने होतात, प्रत्येकात त्या आकड्यापेक्षा कमी माणसं, आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. मजुरी मीटरवर, म्हणजे जितकं विणाल तितकं मिळेल. वर म्हणायला मोकळे: 'कुणी जबरदस्ती केलीय? हवं तेवढं काम करा.' या वाक्यात 'बंधन नाही' हा शब्दप्रयोग वापरला जातो आणि बारा तास उभ्या माणसाच्या पायात तेव्हाही गोळे येतात.

हे लक्षात आलं होतं नारायण मेघाजी लोखंड्यांना. त्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि आठवड्याला एक सुट्टी मागितली. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारची सुट्टी हीसुद्धा मर्यादाच आहे, फक्त ती कामगारांनी मागून घेतलीय आणि मालकाच्या हातावर आहे. म्हणजे प्रश्न रेष असावी की नसावी हा नाही. ती ताकदवान माणसाच्या हाताला लागतेय की कमजोर माणसाच्या पायाला, हा आहे.

आता परत 'बाउंड्री'कडे. गेल्या काही वर्षांत हा शब्द समुपदेशकाच्या खोलीतून रीलपर्यंत आला आणि माझ्या पिढीला त्याने खरोखर बळ दिलं. रात्री अकरानंतर ऑफिसचा फोन उचलणार नाही, माझ्यावर ओरडलास तर मी फोन ठेवीन, हे म्हणायला पूर्वी शब्दच नव्हते. पण २०२३ मध्ये हॉलिवुडच्या एका नटाचे मेसेज त्याच्या आधीच्या मैत्रिणीने जाहीर केले आणि जगभर वाद झाला. ती सर्फिंग करणारी. पुरुषांसोबत सर्फिंग, पोहण्याच्या कपड्यातले फोटो, काही मैत्रिणी, हे सगळं त्याला नको होतं, आणि या यादीला त्याने नाव दिलं होतं 'माझ्या बाउंड्रीज'. पुन्हा कर्ता शोधा. बाउंड्रीचं वाक्य प्रथमपुरुषी असतं: 'तू असं केलंस तर मी निघून जाईन.' ज्या वाक्यात 'तू असं करायचं नाहीस' आहे ते निर्बंध लादणारं वाक्य. ते काही वेळा योग्यही असेल, पण त्याला बाउंड्री म्हटल्याने ते पाळणारीवर दुहेरी ओझं येतं: एक तर ऐकायचं, आणि नाही ऐकलं तर समोरच्याच्या मनाला जखम केल्याचा दोष घ्यायचा.

इथे कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं: मग स्वतःच स्वतःवर घातलेली मर्यादा नेहमी चांगली का? नाही. 'सातच्या आत घरात' हे शब्द इतके ओळखीचे आहेत की २००४ मध्ये त्याच नावाचा मराठी सिनेमा आला. आज किती मुली सांगतात की 'मला कुणी अडवत नाही, मीच जात नाही उशिरा बाहेर'. व्याकरणाने कर्ता तीच आहे. पण तिने हे ठरवलंय रस्त्यावरचे दिवे, शेवटची बस आणि घरी पोचल्यावरचे चेहरे बघून. लादलेलं पुरेसं दिवस पाळलं की ते आपलंच वाटायला लागतं. त्यामुळे कर्ता कोण हा पहिला प्रश्न झाला, शेवटचा नाही. त्याच्या मागोमाग विचारावं: ही रेष हलवायची म्हटली तर हलवता येईल का? आणि हलवली तर काय किंमत पडेल? जी मुलगी उद्या दहाला घरी आली आणि कुणी तोंड फिरवलं नाही, तिचं सातला येणं तिचं स्वतःचं. बाकीच्यांबद्दल मला खात्री देता येत नाही.

भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या. संचारबंदी हा शब्द इथल्या जुन्या माणसांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपड्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या: वस्तीतले हिंदू, मुसलमान आणि त्या भागातला पोलीस, नेमाने एकत्र बसणार, नळावरच्या भांडणापासून मिरवणुकीपर्यंत सगळं बोलणार. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या शांततेची कारणं एकाहून जास्त असतील. पण संचारबंदी आणि कमिटी यांतला फरक आपल्या विषयाला धरून आहे. दोन्हींचा हेतू माणसांना आवरणं हाच. संचारबंदी भोंग्यावरून जाहीर होते, आणि भोंग्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. कमिटीत मिरवणूक कुठून न्यायची, ताशे कुठे थांबवायचे हे ज्यांनी ते पाळायचं तेच ठरवत होते. नियम कदाचित तोच. पण पहिल्याला माणसं मोडायची संधी शोधतात, आणि दुसरा मोडणाऱ्याला शेजारीच हटकतो.

बांधाचंही असंच असतं. दोन्ही शेतकऱ्यांना त्याची जागा माहीत असते. त्याच्यावर दोघांची झाडं असतात, दोघांची गुरं त्याच्या कडेचं गवत खातात, आणि त्याच्यावरूनच चालत दोघे एकमेकांकडे जातात. कोरला तर भांडण होतं, पण भांडण कुणाशी करायचं हे ठाऊक असतं. तारेच्या कुंपणाला यातलं काही नसतं.

म्हणून मला सगळ्या बंदी, निर्बंध, अटींच्या बाबतीत फार मोठी मागणी करायची नाही. घरात असो, सोसायटीत असो की मंत्रालयात, नकार देताना तो नकार म्हणून द्या, फ्लॅट गेला म्हणू नका. कारण सांगा. किती दिवसांसाठी ते सांगा. 'चालत नाही' म्हणताना कुणाला चालत नाही ते सांगा. आणि पाटीवर 'हुकमावरून' लिहायचंच असेल, तर खाली एक नाव आणि एक फोन नंबर लिहा. फोन करून विचारायचं तर आहे.